काहीच न विचारणारी डिस्क

मी बनवलेली ती डिस्क कुणालाही काहीही विचारत नव्हती, आणि याच गोष्टीचा मला फार अभिमान होता.

याला कारण होत्या ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई. ज्यांना बोलता येत नाही, किंवा येत होतं आणि आता येत नाही, अशांना बोलायला शिकवणाऱ्या केंद्रात त्या काम करतात. तिथल्या मुलांच्या खोलीसाठी कुठल्याशा कचेरीने जुने कॉम्प्युटर दिले होते. त्यांवर लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी फुकटची प्रणाली, बसवायचं काम माझ्याकडे आलं. माझी मुलगी खारू व्हायच्या आधी मी नोकरीत हेच करायचे, आता घरी बसून करते. पहिल्यांदा मी ताईंना साधी, सगळ्यांना मिळते तशी डिस्क दिली आणि दिवसभर फोन घेत बसले.

"अगं, भाषा कुठली विचारतंय."

"अगं, कीबोर्ड कुठला विचारतंय. समोर ठेवलाय, दिसत नाही का त्याला?"

"अगं, आता घड्याळाचं विचारतंय. हे मशीन आहे की स्थळ बघायला आलेली आत्याबाई?"

म्हणून मी आमची स्वतःची डिस्क बनवली. साध्या डिस्कमधलं सगळं बाहेर मांडलं, नको ते वगळलं, मुलांचे खेळ घातले, अक्षरं मोठी केली, पडद्यावरचा मजकूर मराठीत आणला. मग एका लहानशा फाइलमध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवली. भाषा ही, घड्याळ इथलं, पासवर्ड हा. सगळ्यात शेवटी मशीन विचारतं, आत आधीचं जे काही आहे ते पुसून टाकू का? त्याच्यापुढेही मी लिहिलं, हो. आता डिस्क घालायची, मशीन चालू करायचं आणि बाजूला व्हायचं. ते कुणालाही हाक न मारता जुनं सगळं पुसून नवं बसवून मोकळं होणार.

त्याच बैठकीत मी दुसरीही डिस्क बनवली. ती स्वभावाने गरीब होती. ती काही बसवत नव्हती, काही पुसत नव्हती. बंद पडलेलं मशीन ती स्वतःच्या जिवावर चालू करायची आणि आत काय आहे ते नुसतं दाखवायची. ही डिस्क बाबांसाठी होती.

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते मानेच्या पुढच्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यांना आवाज नाही. ऑपरेशनच्या आधी ताईंनी त्यांना केंद्रातल्या आवाजबंद खोलीत बसवून रोज थोडं थोडं बोलायला लावून ते रेकॉर्ड केलं होतं. घरातली वाक्यं, सगळ्यांची हाक मारायची नावं, दोन-चार ठेवणीतल्या शिव्या, खारूला सांगायच्या गोष्टी. पुढे टॅबवर बटण दाबलं की बाबांच्याच आवाजात बोलणं ऐकू येईल, असा बेत होता. पण ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली, आणि त्या धावपळीत सगळं बोलणं त्या खोलीतल्या मशीनमध्येच राहिलं. टॅबवर आली ती नमुन्यादाखल चार वाक्यं. "पाणी दे." "बरं आहे." "नको." आणि चौथं, ताईंनी हट्टाने घेतलेलं, "थांब गं जरा."

"ते आधी घ्या बाबा," ताई म्हणाल्या होत्या. "त्याच्यावरच तर मी वाढलेय. दूध नंतर मिळायचं, 'थांब गं जरा' आधी."

एक प्रत काढून ठेवा, एक प्रत काढून ठेवा, असं मी ताईंच्या मागे लागले होते. त्या म्हणायच्या, "काढू गं. पळून जातंय का ते?" पळून नाही गेलं. गेल्या आठवड्यात मशीन सुरूच होईना, एवढंच. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. गरीब डिस्कने ते चालू करायचं आणि बाबांचा आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा, असं ठरलं. त्या चार वाक्यांखेरीज बाबांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. लग्नाच्या जुन्या व्हिडिओतही ते फक्त जेवताना दिसतात.

दोन्ही डिस्क पांढऱ्या, कोऱ्या, अगदी जुळ्या. कुणीही शहाण्या माणसाने त्यांवर मार्करने लिहिलं असतं. पण आमच्या घरात मार्कर नाही. खारूने एकदा त्याचं टोपण तोंडात घातलं, त्या दिवसापासून टोपण असलेली एकही वस्तू तिच्या हाताच्या उंचीला नाही, आणि माझ्याच हाताच्या उंचीलाही उरलेली नाही. म्हणून मी तिच्याच स्टिकरच्या पानातली दोन चित्रं घेतली. जी काही करत नाही तिला बदक. जी सगळं पुसते तिला सिंह. मला वाटलं, याहून सोपं काय असणार?

त्या सकाळी ताई कामावर जाताना दारातच उभ्या राहिल्या. बाबा आत मानेच्या छिद्रातली नळी साफ करत होते.

"बदक ना?" त्यांनी विचारलं.

"बदकच. आणि हे बघा, वेळ लागेल. जुनं मशीन आहे. पट्ट्या सरकतील, अक्षरं येतील, ते आपोआप होऊ द्या. काही झालं तरी मध्येच बंद करू नका."

"हो गं बाई. आणि एक उपकार कर, आज फोन करू नकोस. काल खारूला शिंक आली म्हणून तू मला कामात फोन केलास."

"दोन शिंका होत्या."

"दोन! मग तर बँडच बोलवायला हवा होता." डिस्क पर्समध्ये टाकून त्या जिना उतरल्या.

मी भाजी चिरायला घेतली. बाबा बाहेर येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. खारू टेबलाला लोंबकळून सिंहाच्या डिस्ककडे हात लांबवत होती, म्हणून मी डिस्क उचलून वर फळीवर ठेवली आणि तिला म्हटलं, "सिंहाला हात नाही लावायचा. सिंह सगळं खाऊन टाकतो. बदक गरीब असतं, ते आत्याबरोबर गेलं आजोबांचा आवाज आणायला."

मागे टकटक सुरू झाली.

आमच्याकडे टकटक ही बाबांची भाषा. खुर्चीशेजारच्या स्टुलावर चमच्याने एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पण ही टकटक एकदाही नव्हती आणि दोनदाही नव्हती. थांबतच नव्हती. मी वळून पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक. नळी अडकली! सुरी तशीच टाकून मी धावले, त्यांची मान वर केली, कान छिद्राशी नेला. श्वास येत होता. जोरात, पण येत होता. त्यांनी माझा हात झटकला आणि फळीवरच्या डिस्ककडे बोट दाखवलं.

"काय? सिंह? त्याचं काय?"

त्यांनी टॅब ओढला आणि एका बोटाने टाइप करू लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते मला इतके हळू वाटले. एकेक अक्षर उमटत होतं.

काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा तिने दोन्ही स्टिकर काढले.

मी खारूकडे पाहिलं. ती खाली बसून भाजीचं देठ चघळत होती. ते मी काढून घेतलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हात सवयीने चालत होते.

तू ओरडशील म्हणून मी परत लावले, बाबांनी लिहिलं. आणि मग, खूप वेळाने, कुठला कुठे होता माहीत नाही.

मी तिच्यावर ओरडते हे खरं. त्यावरून आजोबा-नातीची युती आहे हेही मला माहीत होतं. फुटलेले कप कपाटामागे सापडतात, भिंतीवरच्या रेघोट्या बाबांची खुर्ची सरकवून झाकलेल्या असतात. असाच हा एक गुन्हा त्यांनी पोटात घातला होता.

"बरोबर लागले असतील," मी म्हटलं. "निम्मी शक्यता आहे." माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

खात्री करायचा एकच मार्ग होता. फळीवरची डिस्क मी लॅपटॉपमध्ये घातली. ती आत गरगरली, थांबली, पुन्हा गरगरली. दुसऱ्या हाताने मी ताईंना फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पडद्यावर डिस्कमधल्या फाइली उघडल्या. मी माझी उत्तरांची फाइल शोधली, वरून खाली, मग खालून वर. नव्हती. ती फाइल फक्त पुसणाऱ्या डिस्कमध्ये होती. म्हणजे सिंहाचं कातडं पांघरून आमच्याकडे बदकच बसलं होतं, आणि सिंह ताईंच्या पर्समधून गेला होता.

पुन्हा फोन. ताईंनी घेतला नाही. पुन्हा. नाही घेतला. लांडगा आला रे, लांडगा आला, असं मी इतके दिवस ओरडत आले होते. आता खरा आला तर कोण ऐकणार?

केंद्राचा नंबर लावला. स्वागतकक्षातल्या बाईंनी उचलला.

"त्या आवाजबंद खोलीत आहेत हो. बाहेर लाल दिवा लागलाय. लाल दिवा असला की दार वाजवायची आम्हाला परवानगी नाही."

"तुम्ही वाजवा, मी सांगतेय म्हणून वाजवा. फार महत्त्वाचं आहे."

"तुम्ही त्यांच्या भावजय ना?" बाईंच्या आवाजात हसू होतं. "बाळ बरं आहे ना? दिवा गेला की सांगते हं मी त्यांना." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी घराबाहेर पडणारच होते. खारूला कडेवर घेतलं, चप्पल शोधली. पण बसने जायचं म्हणजे वरातीमागून घोडं. तेवढ्यात बाबांनी माझ्या हाताला धरून थांबवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता. आवाज गेल्यापासून त्यांनी तो कधी वापरला नव्हता. सवयीने चार्ज करायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. कुणाला करणार आणि काय बोलणार?

माझ्या लक्षात आलं. माझं नाव दिसलं की ताई फोन पालथा ठेवतात. पण जो माणूस बोलू शकत नाही त्याचा फोन आला तर?

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला. "बाबा? काय झालं? बाबा! कोण आहे तिथे?"

"ताई, बाबा ठीक आहेत. मी आहे. मशीन चालू केलंत का?"

पलीकडे स्फोट. "तू? बाबांच्या फोनवरून? अगं माझे हातपाय गळाले! काही लाजबीज?"

"ताई, डिस्क चुकीची आहे. स्टिकर बदललेत. तुमच्याकडे आहे ती पुसणारी. मशीन बंद करा."

"काहीतरीच काय! बदक आहे त्याच्यावर. मी स्वतः बघून घातली. आणि छान चाललंय सगळं, तू म्हणालीस तसंच, एकही प्रश्न न विचारता आपोआप पुढे जातंय."

आपोआप. गरीब डिस्क तर एव्हाना नुसतं चित्र दाखवून थांबली असती.

"पडद्यावर काय लिहिलंय? वाचा."

"'नेटवर्क शोधत आहे.' खाली निळी पट्टी आहे."

त्या खोलीत नेटवर्कची तार नाही. मशीन थोडा वेळ शोधेल, कंटाळेल आणि पुढे जाईल. पुढे घड्याळ. घड्याळानंतर पुसणं. तो क्रम मला तोंडपाठ होता. मधला प्रत्येक थांबा मीच काढून टाकला होता.

"ताई, भिंतीतली वायर उपसा. आत्ता."

"मध्येच बंद करू नका, काही झालं तरी, हे कोण म्हणालं सकाळी? तूच ना? अशाने मशीन कायमचं जायचं. तू आधी शांत हो. पाणी पी. घरी बसून उंटावरून शेळ्या हाकतेस आणि मग..." त्या थांबल्या. "हं, आता घड्याळाचं काहीतरी आलं. बघ, होतंय की व्यवस्थित."

"ताई, बाबांचा आवाज जाईल हो! सगळा जाईल!"

"ओरडू नकोस. मी तोच वाचवायला बसलेय ना इथे? एक काय ते ठरव. सकाळी एक सांगतेस, आता दुसरं..."

त्यांचंही चुकत नव्हतं. सकाळची मी आणि आत्ताची मी, यांतली कुठली खरी हे त्यांना कसं कळणार? माझ्या ओरडण्याने खारू रडायला लागली. मी काय बोलत होते ते मलाच ऐकू येईना. आणि त्या गोंधळात बाबांनी माझ्या हातातला फोन स्वतःकडे वळवला, त्याच्या तोंडाशी टॅब धरला आणि अंगठ्याने बटण दाबलं.

"थांब गं जरा."

भरदार आवाज, शेवटी किंचित हसू असलेला. ताई शाळेचं दप्तर घेऊन जिन्यावरून धावायच्या तेव्हाचा असावा तसा. घरात सगळं गप्प झालं. खारूसुद्धा. पलीकडेही काही ऐकू येईना. बाबांनी पुन्हा बटण दाबलं. "थांब गं जरा."

फोनमधून खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग काहीतरी फरफटल्याचा. मग ताईंचा श्वास.

"उपसली," त्या म्हणाल्या. "वायर हातात आहे माझ्या."

"पडद्यावर शेवटी काय होतं?"

"घड्याळ गेलं होतं. काहीतरी नवीन येत होतं. 'डिस्कची...' पुढचं वाचलं नाही गं मी." त्यांचा आवाज बारीक झाला. "गेलं का? सांग ना. गेलं का सगळं?"

"काही लावू नका, काही दाबू नका. आम्ही येतोय," एवढंच मी म्हटलं.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. गळ्याला रुमाल, मांडीवर खारू. सिंहाचा स्टिकर लावलेली गरीब डिस्क मी दोन्ही हातांनी धरली होती, भरलेलं ताट धरावं तशी. बाबांनी एकदा टॅबवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे केलं. तिला ओरडू नकोस. मी मान हलवली. त्यांनी खाली आणखी लिहिलं. मलाही.

केंद्रात ताई आवाजबंद खोलीच्या दारातच उभ्या होत्या, वायरचं टोक अजून हातात. मला म्हणाल्या, "ये." बाबांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

मी आधीची डिस्क काढून पर्सच्या तळाशी टाकली, ही घातली आणि वायर लावली. मशीन घरघरलं. काळा पडदा, रेघ, मग माझंच बनवलेलं स्वागताचं चित्र. त्या खोलीच्या भिंतींना जाड गादीसारखं अस्तर आहे, आत स्वतःच्या छातीतली धडधडसुद्धा ऐकू येते. चौघांच्या श्वासांत बाबांचा वेगळा कळत होता, थोडी शीळ असलेला.

आतल्या साठ्याचं चित्र उघडलं. मी टिचकी मारली. काही नाही. नुसतं फिरणारं चक्र.

"एवढा वेळ?" ताई पुटपुटल्या.

मग एकेक फोल्डर उमटू लागला. मुलांचे तक्ते. जुने फोटो. त्याखाली 'बाबा'. मी तो उघडला. आत ओळीच्या ओळी, पडदा भरून खाली जाणाऱ्या. पण नाव दिसतं म्हणजे आत आवाज आहेच असं नसतं, हे मला माहीत होतं. मधलीच एक ओळ मी उघडली.

"कोल्हा म्हणाला, मला भूक नाही, मी आपला सहज आलोय..."

खारूने आजोबांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. तिने स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा ओठांकडे. मग तिने त्यांच्या गळ्यावरच्या रुमालाला बोट लावलं आणि म्हणाली, "आणखी." ऑपरेशनच्या आधी ती असंच म्हणायची, गोष्ट अर्ध्यात थांबली की.

ताई खाली जमिनीवर बसल्या आणि रडल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले नाही, मी प्रती काढत होते. एक पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर, एक बाबांच्या टॅबवर.

"चौथी हवी का?" ताईंनी नाक पुसत विचारलं.

"हवी."

"शिंकांचाही हिशोब ठेवतेस, तुला तीनने काय होणार!" पण स्वतःचा फोन त्यांनी निमूट पुढे केला.

घरी आल्यावर मी ती न विचारणारी डिस्क नव्याने बनवली. भाषा, घड्याळ, पासवर्ड यांची उत्तरं तशीच ठेवली. शेवटचं 'हो' मात्र काढून टाकलं. आता मशीन तिथे येऊन थांबतं आणि कुणी येईपर्यंत थांबूनच राहतं. मग मी दुकानातून मार्कर आणला, दोन्ही डिस्कवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्याचं टोपण कचऱ्यात टाकलं. दोन दिवसांत तो वाळून जाईल. जाऊ दे.

पुढे एका दुपारी ताई मुलांच्या खोलीतले कॉम्प्युटर करायला बसल्या आणि अपेक्षेप्रमाणे त्यांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझी डिस्क विचारायला लागलीय. म्हणतेय, आतलं सगळं पुसू का? काय सांगू?"

मी तोंड उघडायच्या आत खिडकीजवळच्या खुर्चीतून उत्तर गेलं. आता टॅबवर पडदा भरून बटणं आहेत, पण बाबांचा अंगठा अजून त्याच बटणावर जातो.